‘पिलर वाकलाय’ म्हणून ८,४०० रुपये

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या गाडीचं डावीकडचं पुढचं दार नीट लागेना. हलक्या हाताने लावलं तर अर्धवट अडकायचं आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा तसाच राहायचा. जोरात आपटलं की लागायचं. पुढेपुढे आपटूनही भागेना, दार खालून हाताने उचलून लावावं लागायचं. गाडी अकरा वर्षांची, म्हातारपणाची कुरकुर असेल म्हणून मी महिनाभर तसंच चालवलं. शेवटी पुण्यातल्याच, घराजवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. नाव लिहीत नाही, पण असं गॅरेज तुमच्याही घराजवळ असेल.

तिथल्या माणसाने दार दोनदा उघडलं-लावलं, पुढच्या काचेच्या कडेच्या खांबावरून, म्हणजे पिलरवरून, हात फिरवला आणि विचारलं, “साहेब, गाडी दुसरं कोणी चालवतं का?”

मी म्हटलं, पुतण्या नेतो कधीकधी.

“मग त्यालाच विचारा. कुठेतरी ठोकलीय. पिलर आत गेलाय, बिजागऱ्या वाकल्यात. बाहेरून दिसायचं नाही ते.”

माझं खरं नुकसान इथे झालं. बाहेरून दिसत नाही असं सांगितलं की समोरच्याला तपासायला काही उरतच नाही. पिलर म्हणजे गाडीचा कणा, एवढं ऐकून माहीत होतं, त्यामुळे पोटात गोळा आला. संध्याकाळी पुतण्याला फोन करून नको ते बोललो. तो म्हणाला, “काका, शपथ घेऊन सांगतो, कुठे घासलीसुद्धा नाही.” मी म्हटलं, मग पिलर काय आपोआप वाकला?

दोन दिवसांनी गाडी मिळाली. दोन नव्या बिजागऱ्या ३,२००, पिलर सेटिंग ३,५००, लॉकचं काम आणि मजुरी १,७००. एकूण ८,४००. बिल कच्चं, वहीतल्या कागदावर. दार मात्र एका बोटाने लागत होतं आणि आवाजही कसा, फ्रिजच्या दारासारखा. मी खूश होऊन वर त्याच्या पोराला चहाला पन्नास रुपये दिले!

जुलैमध्ये आईला घेऊन साताऱ्याला निघालो. खंबाटकीच्या अलीकडे पावसाने झोडपलं आणि आई म्हणाली, “अरे, माझ्या खांद्यावर पाणी पडतंय.” काच पूर्ण वर होती. दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून थेंब येत होते आणि वेग वाढवला की तिथूनच शीळ वाजायची. परत आल्यावर त्या गॅरेजमध्ये विचारलं, तर म्हणे रबर जुनं झालंय, बदलावं लागेल, १,८०० होतील.

या वेळी मी तिथे गाडी ठेवली नाही. मित्राने एका म्हाताऱ्या डेंटरचा पत्ता दिला. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी मला काही विचारलं नाही. दार अर्धं उघडलं, मागच्या कडेला खालून दोन्ही हात घातले आणि वर उचललं. दार टक् करून वर गेलं, सोडल्यावर टक् करून खाली आलं. वरच्या बिजागरीकडे बोट दाखवत म्हणाले, “इथे बोट ठेवा.” ठेवलं. त्यांनी पुन्हा दार हलवलं, तेव्हा बिजागरीची पिन आत खेळत असल्याचं बोटाला कळलं. पिन आणि तिच्याभोवतीची छोटी नळी, म्हणजे बुश, झिजली होती. गॅरेजवाले याला ‘दार उतरलं’ म्हणतात. ठोकर नाही, पिलर नाही, काही नाही.

“आणि नव्या बिजागऱ्या?” मी विचारलं.

चाचांनी फडक्याने बिजागरी पुसली आणि मोबाइलचा टॉर्च धरला. बिजागरीवर आणि बोल्टच्या डोक्यावर गाडीचाच चंदेरी रंग, अखंड. बोल्ट आणि पत्रा यांच्या सांध्यावरसुद्धा रंगाला चीर नव्हती. आमच्या गाडीला कंपनीत बिजागऱ्या बसवल्यावरच रंग दिलेला आहे. पाना लावून बोल्ट फिरवला असता तर त्या सांध्यावरचा रंग फुटलाच असता. अकरा वर्षांत त्या बोल्टला कोणी हात लावला नव्हता.

मग त्यांनी मधल्या खांबावर दाराचं लॉक ज्यात अडकतं तो लोखंडी हुक, म्हणजे स्ट्रायकर, दाखवला. त्याच्या वरच्या बाजूला रंगावर जुन्या बैठकीचा ठसा स्पष्ट दिसत होता. हुक त्या ठशापेक्षा चांगला पाच-सहा मिलिमीटर खाली होता. काम एवढंच झालं होतं. दार खाली उतरलं म्हणून हुकही खाली घेतला. दोन स्टार बोल्ट, दहा मिनिटं, ८,४०० रुपये. लॉक छान लागायला लागलं, पण दार तिरकंच लटकत राहिलं, वरच्या कोपऱ्यात रबरावर दाबून बसेना, म्हणून पाणी आणि शीळ. १,८०० चं नवं रबर लावूनही ते थांबलं नसतं.

चाचांनी आधी स्ट्रायकर काढूनच टाकला, म्हणजे दार मोकळं फिरेल आणि फटी खऱ्या दिसतील. पुढच्या आणि मागच्या दारामधली फट वर चिंचोळी, खाली रुंद. दारावरची रेघ मागच्या दाराच्या रेघेपेक्षा खाली. नाना पेठेतून मी वरची बिजागरी ६५० ला आणली. खाली जॅक, त्यावर लाकूड, त्यावर जुना टॉवेल असं दार तोलून धरून त्यांनी जुनी बिजागरी काढली. आतून दारात वायर जाते, ती ताणू नये म्हणून मुलाला दार धरायला उभं केलं. फटी जुळल्यावर स्ट्रायकर जुन्या ठशावर ठेवला, बोल्ट जरा ढिले सोडून दार हळू लावलं, हुकाने आपली जागा घेतली आणि मग बोल्ट आवळले. मजुरी ६००. काढलेली बिजागरी त्यांनी न मागता माझ्या हातात दिली. पहिल्या गॅरेजात जुनं सामान मागायचं मला सुचलंच नव्हतं.

दार कशामुळे उतरलं हेही चाचांनीच विचारून काढलं. “या बाजूला कोण बसतं?” आई. तिचे गुडघे दुखतात. उतरताना ती उघड्या दारावर सगळा भार टाकून उठते, रोज, गेली सहा वर्षं.

मी त्या गॅरेजमध्ये परत गेलो, बोल्टचे फोटो घेऊन. तो म्हणाला, “साहेब, नव्या बिजागऱ्या आम्ही मॅचिंग रंग मारूनच बसवतो.” सांध्यातली अकरा वर्षांची धूळही मॅचिंग मारली का, असं विचारल्यावर तो गप्प बसला. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर फिरवतो म्हटल्यावर २,००० रुपये काढून दिले. बाकीच्यासाठी भांडायला माझ्याकडे पक्कं बिल नव्हतं.

आई अजून दाराला धरूनच उठते. सांगून ऐकत नाही, मीच आता आधी उतरून हात पुढे करतो. पुतण्याची माफी मागितली. “जाऊ दे काका,” म्हणाला. पण त्यानंतर त्याने गाडी एकदाही मागितलेली नाही.