आधुनिक सिरॅमिक कलेचा अभ्यासवर्ग: एक परीक्षण

कोल्हापुरातील एका पॉटरी स्टुडिओने आधुनिक सिरॅमिक कलेच्या इतिहासावर घेतलेला सायंकालीन अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. मातीकामाचे हौशी वर्ग येथे अधूनमधून भरतात. परंतु एखाद्या कलावंताविषयी ऐकावे आणि त्याच संध्याकाळी त्याच्या पद्धतीने माती हाताळावी, अशी आखणी असलेला दुसरा वर्ग माझ्या पाहण्यात नाही. तो टिकावा असे मनापासून वाटते, म्हणून त्याच्या उणिवाही येथे नोंदवतो.

सुरुवात जपानपासून होते. विचारवंत यानागी सोएत्सु आणि कुंभारकलावंत हमादा शोजी व कावाई कांजिरो यांनी 1925 च्या सुमारास मिंगेई चळवळीची मांडणी केली आणि अनाम कारागिरांनी रोजच्या वापरासाठी घडवलेल्या भांड्यांना कलेच्या चर्चेत मानाचे स्थान मिळवून दिले. 1887 मध्ये हाँगकाँगला जन्मलेले इंग्रज कुंभारकलावंत बर्नार्ड लीच मातीकाम शिकले ते जपानमध्ये, आणि 1920 मध्ये हमादांना सोबत घेऊन त्यांनी इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातील सेंट आइव्हज येथे कार्यशाळा उभारली, तेव्हा तेथे उतारावर चढत जाणारी जपानी पद्धतीची भट्टी बांधली गेली. शिक्षिकेने येथे न थांबता, हमादांनी इंग्लंडमधून काय नेले हेही तितक्याच बारकाईने सांगितले. इंग्रजी खेड्यांतील जुनी स्लिपवेअर, म्हणजे पातळ मातीच्या द्रावाने सजवलेली भांडी त्यांना फार भावली होती आणि मायदेशी परतल्यावर त्यांनी माशिको या कुंभारगावी वास्तव्य केले. आधुनिक कला युरोपात जन्मली आणि इतरांनी ती उचलली, हा आपल्याकडे रुजलेला समज या एका संध्याकाळीच ढासळतो. वर्गाचे सर्वांत मोठे श्रेय मी यालाच देईन.

त्यानंतर क्योतोतील सोदेइशा या 1948 मध्ये स्थापन झालेल्या गटाचा विषय येतो. त्याचे एक संस्थापक यागी काझुओ यांनी 1954 मध्ये चाकावर घडवलेले भाग जोडून एक कडे उभे केले, ज्याला पायांसारख्या नळ्या आहेत आणि ज्यात पाणी भरण्याची सोयच नाही. त्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये पीटर व्हौल्कोस भांडी फाडून, फोडून आणि पुन्हा रचून शिल्पे करू लागले होते. या भागाचा सराव म्हणून चाकावर काढलेला उभा नळा कापून त्यातून भांडे नसलेली वस्तू घडवायची होती. उपयोगाचा आधार काढून घेतल्यावर आकाराचा निर्णय किती अवघड होतो, हे त्या तासात वर्गातील प्रत्येकाला जाणवले असावे.

मला सर्वाधिक मोलाचे वाटले ते नायजेरियाच्या लाडी क्वाली यांच्यावरील सत्र. लीच यांचे शिष्य मायकेल कार्ड्यू यांनी अबुजा येथे सुरू केलेल्या प्रशिक्षण केंद्रात त्या 1954 मध्ये दाखल झाल्या, परंतु घागरी घडवण्याची परंपरागत विद्या त्या घरूनच घेऊन आल्या होत्या. भांडे एका जागी स्थिर आणि घडवणारी बाई त्याच्याभोवती फिरते, ही ती पद्धत. त्यांच्या घागरींवर कोरलेल्या सरड्यांच्या आणि माशांच्या आकृतींना अबुजात ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, व उच्च तापमानाची भाजणी मिळाली. नायजेरियाच्या 20 नायराच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. कुंभारकाम करणाऱ्या स्त्रीचा असा गौरव अन्यत्र क्वचितच झाला असेल. आम्हीही मातीच्या वळ्या एकावर एक रचत स्टुलाभोवती फिरलो, आणि चाक असलेली पद्धतच प्रगत असते ही समजूत माझ्यापुरती तरी संपली.

याच सत्रामुळे पुढील उणीव अधिक खटकते. शाहूपुरी, गंगावेश आणि बापट कॅम्प येथील कुंभार कुटुंबे स्टुडिओपासून दूर नाहीत. चाकावरून उतरवलेले जाड मडके लाकडी थापीने बाहेरून ठोकत आणि आतून दगडाचा आधार देत पातळ व गोल करण्याचे कौशल्य आपल्याकडील कुंभारांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासले आहे. हजारो मैलांवरील परंपरेला आधुनिक कलेची सहनिर्माती मानणाऱ्या अभ्यासक्रमाने येथील एकाही कारागिराला बोलावू नये, हे मला पटले नाही. ब्रह्मपुरीच्या उत्खननातील अवशेष टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात आहेत. त्यांच्यासाठी एक संध्याकाळ सहज राखता आली असती.

भारतावरील भागही घाईने उरकला गेला. 1919 मध्ये जपानला जाऊन पुढे दिल्ली ब्लू पॉटरी उभारणारे गुरुचरण सिंग आणि 1971 मध्ये पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू करणारे डेबोरा स्मिथ व रे मीकर यांचा उल्लेख झाला, परंतु ग्लेझचा सखोल अभ्यास केलेल्या निर्मला पटवर्धन यांचे नावही मराठी वर्गात निघाले नाही.

एक तांत्रिक मर्यादा इच्छुकांनी आधीच जाणून घ्यावी. स्टुडिओची भट्टी विजेची आहे. ग्लेझमधील एक-दोन टक्के लोहापासून सेलाडॉन या ग्लेझ-प्रकाराचा हिरवट निळा रंग मिळण्यासाठी भट्टीत प्राणवायू कमी पडावा लागतो, आणि ते गॅसच्या किंवा लाकडाच्या भट्टीत सहज साधते. विजेच्या भट्टीत तेच ग्लेझ मधासारखे पिवळसर उतरते. शिक्षिकेने हा फरक दोन भाजलेल्या नमुन्यांवरून उत्तम समजावला, तरी लीच आणि हमादा यांच्या भाजणीचा प्रत्यक्ष अनुभव येथे मिळत नाही.

माती, ग्लेझ आणि भाजणी यांचा खर्च शुल्कातच धरलेला आहे. पूर्वी चाकावर न बसलेल्यांनाही वर्ग झेपेल, कारण शिक्षिका प्रत्येकाच्या हाताशी येऊन सुधारणा सुचवतात. मोठ्या घागरी घडवण्याचा विचार असणाऱ्यांनी मात्र नाव नोंदवण्यापूर्वी भट्टीच्या आतील उंचीची चौकशी करावी. लाडी क्वालींच्या पद्धतीने केलेले आमचे मोठे नमुने तीत मावत नसल्यामुळे कच्चेच राहिले.