ही जमीन कोणाची? टिळकवाडीतील रॉक-श्रवणवर्गाचे सहा रविवार

बेळगावच्या टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटपासून पाच मिनिटांच्या अंतरावर, एका दुमजली घराच्या गच्चीवर पत्रे घालून केलेल्या खोलीत यंदाच्या पावसाळ्यात सहा रविवार एक वर्ग भरला. रॉक गाण्यांच्या शब्दांमधले राजकारण आणि पर्यावरण कसे वाचावे, हा त्याचा विषय होता. वेळ सकाळी दहा ते एक, शुल्क पंधराशे रुपये, आणि त्यात चाळीस पानांची झेरॉक्स पुस्तिका व एकदा चहा. मी सहाही रविवार गेलो. आयोजकांचे नाव येथे लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांच्यासमोर समक्ष मांडल्या आहेत.

पहिल्याच दिवशी शिक्षकांनी फळ्यावर चार रकाने आखले. बोलतो कोण, कुठून बोलतो, कधी बोलतो, आणि चौथा अर्थाचा. चौथा रकाना गाणे तीनदा ऐकून होईपर्यंत रिकामा ठेवायचा, अशी सक्त ताकीद होती. साधी वाटणारी ही शिस्तच या वर्गाची खरी कमाई आहे. आपल्याकडे गाण्याचा अर्थ सांगायला बसलेला मनुष्य पहिल्या ओळीपासून प्रतीके शोधू लागतो. पाऊस दिसला की अश्रू, पक्षी दिसला की स्वातंत्र्य. येथे तसे करू दिले जात नव्हते. आधी साल विचारले जाई, मग गाव.

त्याचा फायदा दुसऱ्या रविवारी दिसला. ब्रूस स्प्रिंगस्टीनचे १९८४ मधील ‘बॉर्न इन द यूएसए’ लावले, तेव्हा वर्गातील निम्म्या लोकांनी ते देशभक्तीचे गाणे म्हणून मान डोलावत ऐकले. ढोलाचा ठोका आणि पुन्हा पुन्हा येणारे ध्रुवपद ऐकून तसे वाटणे स्वाभाविक आहे. रकाने भरायला घेतल्यावर मात्र चित्र पालटले. बोलणारा व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला सैनिक आहे, तो कामगारवस्तीतला आहे, आणि परत आल्यावर त्याला तेलशुद्धीकरण कारखान्यात काम मिळत नाही. कडव्यांत पराभव आणि ध्रुवपदात आरोळी, अशी ही मुद्दाम केलेली विसंगती आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतील प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनचे नाव आशेचा गायक म्हणून घेतले होते. पुस्तिकेत मात्र हे गाणे ‘रेगन यांचे प्रचारगीत’ असल्याचे छापले आहे, ते चूक आहे. सभेत गायकाचे नाव घेणे वेगळे आणि त्याचे गाणे प्रचाराला वापरणे वेगळे. ज्या वर्गात तपशिलावर इतका भर दिला जातो, त्याच्या पुस्तिकेत अशी चूक राहावी, हे खटकले.

नील यंग यांच्या ‘ओहायो’वर फारसा वेळ गेला नाही आणि जायची गरजही नव्हती. ४ मे १९७० रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले, आणि त्याच महिन्यात हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. त्यात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे नाव सरळ घेतलेले आहे. ते वर्तमानपत्राइतके ताजे आणि वर्तमानपत्राइतके उघड गाणे आहे, उकलण्यासारखे त्यात काही दडवलेले नाही.

वर्ग खऱ्या अर्थाने रंगला तो तिसऱ्या रविवारी. त्या दिवशी पाऊस इतका होता की पत्र्यावरच्या आवाजात गिटार ऐकू येईना. स्पीकर दोनच आणि तेही जुने. त्यांतल्या एकातून बेसचा आवाज निघण्याऐवजी नुसती थरथर निघत होती. शेवटी शिक्षकांनी आवाज बंद केला आणि गाण्याचे शब्द मोठ्याने वाचून दाखवले. योगायोगाने ते योग्यच झाले, कारण ‘मिडनाइट ऑइल’ या ऑस्ट्रेलियन बँडचे १९८७ मधील ‘बेड्स आर बर्निंग’ हे गाणे ठेक्यावर नाचत ऐकण्याची सवय असलेल्यांना त्यातली गावांची नावे तोवर कधी ऐकूच आली नव्हती. किंटोर आणि युएन्डुमू ही मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील आदिवासी वस्त्यांची नावे आहेत. पिंटुपी लोकांना गेल्या शतकाच्या मध्यास आपल्या वाळवंटातून हलवून दूरच्या सरकारी वसाहतीत ठेवले गेले, आणि १९८० नंतर त्यांतले बरेच जण परत येऊन किंटोरला राहू लागले. हा बँड १९८६ मध्ये आदिवासी कलाकारांच्या बँडबरोबर याच भागात फिरला होता, आणि त्या प्रवासातून हे गाणे असलेला अल्बम निघाला. त्यामुळे गाण्यातील उष्णतेचा आकडा, मोडक्या मोटारी आणि वाळवंटातली झाडे ही सजावट नाही. तो गाण्यातल्या माणसांचा पत्ता आहे.

गाण्याची मागणी एका वाक्यात सांगता येते. ही जमीन ज्यांची आहे, त्यांची ती त्यांना परत द्यायला हवी. येथे राजकारण आणि पर्यावरण असे दोन कप्पे करता येत नाहीत, हे शिक्षकांनी फार चांगले दाखवले. ज्याला जमीन नाकारली जाते, त्यालाच त्या जमिनीचे काय होते ते पाहण्याचा अधिकारही नाकारला जातो. त्यांनी बँडचे गायक पीटर गॅरेट यांची पुढची हकीकतही लपवली नाही. १९८४ मध्ये अण्वस्त्रविरोधी पक्षाच्या तिकिटावर सिनेटची निवडणूक लढवणारा हा माणूस २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पर्यावरणमंत्री झाला, आणि २००९ मध्ये त्यानेच दक्षिण ऑस्ट्रेलियातील एका युरेनियम खाणीला मंजुरी दिली. एका विद्यार्थिनीने विचारले, मग गाणे खोटे ठरले का? शिक्षकांनी फळ्यावरील पहिल्या रकान्याकडे बोट दाखवले आणि विचारले की १९८७ मध्ये बोलणारा आणि २००९ मध्ये सही करणारा हे एकच ‘कोण’ आहेत का. या उत्तराशी मी पूर्ण सहमत नाही. श्रोत्याने गाणे आणि गायक यांना इतक्या सहज वेगळे करावे, ही सवलत गायकाच्याच सोयीची असते. पण प्रश्न टाळला गेला नाही, याचे श्रेय द्यायला हवे.

आता मुख्य तक्रार. जमीन कोणाची, हा प्रश्न बेळगावात विचारला की खोलीतली हवा बदलते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. २००४ पासून त्यावरचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आणि जवळच्या येळ्ळूर गावाच्या वेशीवरील ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक २०१४ मध्ये हटवला गेला, तेव्हा फलकावरच्या दोन शब्दांचे वजन किती असते ते आम्ही सर्वांनी पाहिले. शब्दांमधले राजकारण आम्हाला ऑस्ट्रेलियाकडून शिकायचे नाही. तरीही सहापैकी एकाही रविवारी या सीमाभागातल्या एकाही गाण्याचे नाव अभ्यासक्रमात नव्हते.

तो विषय शेवटी ‘बेड्स आर बर्निंग’च्या निमित्ताने विद्यार्थ्यांनीच काढला. हलगा-मच्छे बायपासखाली ज्याच्या घरची पिकाऊ जमीन जाते आहे, असा एक तरुण म्हणाला, “होय की गा, हे आमचंच गाणं आहे.” त्यावर धारवाड जिल्ह्यातील नवलगुंदहून शिकायला आलेला एक कन्नड मुलगा, मोडक्यातोडक्या पण स्पष्ट मराठीत, म्हणाला की त्याला हे गाणे ऐकताना म्हादई नदी आठवते. खोलीतल्या आम्हा मराठी लोकांना वाटले, तो आमच्याच बाजूने बोलतो आहे. खानापूर तालुक्यातले जंगल, कणकुंबीजवळ खणलेला कालवा, गोव्याकडे जाणारे पाणी अडवून मलप्रभेत वळवण्याची कळसा-भांडुरा योजना, हे सारे आमच्या डोळ्यांसमोर आले. पण त्याचे म्हणणे उलटे होते. त्याच्या गावात लोक वर्षानुवर्षे त्याच पाण्यासाठी आंदोलनाला बसले आहेत. म्हादईच्या पाणीवाटपाच्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, तरी ते त्याच्या नळाला आलेले नाही. ‘ज्याचे त्याला परत द्या’ ही ओळ तो पाण्याबद्दल ऐकत होता आणि आम्ही जंगलाबद्दल.

माझ्या मते सहा रविवारांतला तो सर्वांत मोलाचा क्षण होता. एकच ओळ, तीन रकाने तंतोतंत भरलेले, आणि चौथ्यात दोन परस्परविरोधी उत्तरे, दोन्ही प्रामाणिक. शिक्षकांनी तेथे थांबून पुढचा तास त्यावरच घालवायला हवा होता. त्यांनी घड्याळ पाहिले, “हा विषय आपण पुन्हा घेऊ” असे म्हटले आणि चहा मागवला. तो विषय पुन्हा आला नाही. या शहरात सभागृह मिळवणे, शेजारी सांभाळणे आणि दोन्ही भाषांचे विद्यार्थी टिकवणे किती कठीण आहे, हे मी जाणतो, त्यामुळे त्यांच्या सावधपणाला मी भित्रेपणा म्हणणार नाही. पण परक्या जमिनीवर धीट आणि आपल्या जमिनीवर मुका, असा वर्ग अर्धाच शिकवतो.

चौथ्या रविवारी गायिका जोनी मिचेल यांचे १९७० मधील ‘बिग यलो टॅक्सी’ झाले. हे काटेकोरपणे रॉक म्हणता येईल का, यावर दहा मिनिटे वाद झाला. तो सोडून देतो. हवाई बेटांवरच्या हॉटेलच्या खिडकीतून डोंगर पाहताना खाली नजर गेली आणि वाहनतळ पसरलेला दिसला, त्यातून हे गाणे सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे. झाडे तोडून ती पाहायला तिकीट लावणे, शेतकऱ्याला डीडीटी हे कीटकनाशक दूर ठेवायला सांगणे (अमेरिकेत त्यावर बंदी यायला १९७२ उजाडले), आणि शेवटच्या कडव्यात अचानक घरातला माणूस रात्री टॅक्सीत बसून निघून जाणे, असा त्याचा प्रवास आहे. शिक्षकांनी शेवटचे कडवे ‘विषयांतर’ म्हणून बाजूला ठेवले. मला ते पटले नाही. गाणे जमिनीवरून माणसावर येते, तेव्हाच झाडाचे जाणे अंगाला लागते.

ही चाल मराठी माणसाला ओळखीची आहे, फक्त उलट्या दिशेने. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत मुंबईला पोट भरायला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ होतो, तिचे रूप रंगवतो, आणि मग त्याच विरहातून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापर्यंत जातो. तुटलेल्या मुलखाच्या यादीत बेळगावचे नाव येते. तेथे माणसावरून जमिनीवर, येथे जमिनीवरून माणसावर. अण्णा भाऊंच्या लाल बावटा कलापथकाच्या डफावर वाढलेल्या श्रोत्याला मिचेल यांचे शेवटचे कडवे समजावून सांगावे लागत नाही. ही दोन गाणी एकापाठोपाठ लावली असती, तर सबंध वर्गाचे काम त्या एका तासात झाले असते. मी तसे सुचवले. ‘ते रॉक नाही’ असे उत्तर मिळाले. दहा मिनिटांपूर्वी मिचेल यांच्याबद्दलही हेच म्हटले गेले होते!

पाचव्या रविवारचे ‘आर.ई.एम.’ या अमेरिकन बँडचे ‘कायहोगा’ (१९८६) मला व्यक्तिशः आवडले, कारण मी शहापूरच्या बाजूला राहतो आणि बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात शिरले की भाताचे काय होते ते दर पावसाळ्यात पाहतो. अमेरिकेच्या क्लीव्हलंडमधील कायहोगा नदीवरील तेलकट थराने जून १९६९ मध्ये पेट घेतला. ती काही पहिली आग नव्हती, पण त्या आगीची देशभर चर्चा झाली आणि १९७२ च्या स्वच्छ जल कायद्यामागच्या लोकमतात तिचा वाटा मानला जातो. गाण्यात मात्र त्या आगीचे वर्णन नाही, नदी जाळल्याचा ओझरता उल्लेख तेवढा आहे. बाकी भर आहे तो नदीकाठी आधी राहणारे मूळ रहिवासी आणि आपण कधीकाळी पोहलो ती जागा यांवर. घटना न रंगवता तिची पोकळी दाखवण्याची ही रीत शिक्षकांनी शब्दाशब्दाने उलगडली. त्यापुढे ‘इंडियन ओशन’ या भारतीय बँडचे ‘माँ रेवा’ त्यांनी पाच मिनिटांत उरकले, याचे वाईट वाटले. नर्मदेची स्तुती करणाऱ्या त्या लोकगीतात निषेधाचा एकही शब्द नाही. पण बँडचे राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात राहिलेले आहेत, हे कळल्यावर तीच स्तुती वेगळी ऐकू येते. ‘बोलतो कोण’ या रकान्यासाठी याहून चांगले उदाहरण कोणते?

सोयींबद्दल थोडक्यात. सतरंजी पातळ आहे, पाठीचा त्रास असणाऱ्यांनी उशी न्यावी. पुस्तिकेत इंग्रजी शब्दांचे मराठी वा कन्नड अर्थ दिलेले नाहीत, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेली दोन मुले तिसऱ्या रविवारनंतर आली नाहीत. हा दोष पंचवीस रुपयांच्या झेरॉक्सने दूर होण्यासारखा होता. स्पीकर बदलणार असल्याचे सांगितले आहे. सहावा रविवार उजळणीत गेला, त्यात नवे काही नव्हते.

पुढच्या तुकडीच्या पत्रकात सहाव्या रविवारी ‘आपल्याकडची गाणी’ असा विषय छापला आहे. त्याखाली गाण्यांची नावे अजून आलेली नाहीत. ती आली की पुन्हा पंधराशे रुपये भरायचे की नाही, ते मी ठरवीन. नवलगुंदच्या त्या मुलाने मात्र आपले नाव आताच नोंदवले आहे.