वस्तू आधी, हप्ते नंतर: लहान उद्योगांसाठीच्या मुराबहा वित्तसेवेचे परीक्षण

इस्लामी सूक्ष्मवित्त संस्थेकडे लहान धंद्यासाठी भांडवल मागायला गेलेल्या माणसासमोर बहुतेक वेळा जे उत्पादन ठेवले जाते, त्याचे नाव मुराबहा. अरबीत ‘रिब्ह’ म्हणजे नफा, आणि त्यावरूनच हा शब्द झाला आहे. तेव्हा ही सेवा नफ्यासाठी आहे हे निदान नावात तरी लपवलेले नाही. गरिबांसाठीच्या वित्तसेवांचा अभ्यास करणाऱ्या ‘सीगॅप’ या जागतिक बँकेशी संलग्न गटाने 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत इस्लामी सूक्ष्मवित्ताचे जगभरातील ग्राहक अवघे 3,80,000 च्या आसपास, म्हणजे एकूण सूक्ष्मवित्ताच्या साधारण अर्धा टक्का भरले होते, आणि उपलब्ध उत्पादनांपैकी 70 टक्क्यांहून अधिक मुराबहाच होती. याच गटाच्या पुढच्या पाहणीत ग्राहकांचा आकडा 12 लाख 80 हजारांवर गेला, तरी मुराबहाचे अग्रस्थान टिकून राहिले. म्हणून या क्षेत्राचा कस लावायचा तर तो मुराबहावरच लावावा लागतो.

सेवेची रचना समजायला सोपी आहे. समजा, शिवणकाम करणाऱ्या एका बाईला शिलाई यंत्र घ्यायचे आहे. संस्था तिला रोख रक्कम देत नाही. ती दुकानदाराकडून यंत्र स्वतः विकत घेते, थोडा काळ का होईना त्या यंत्राची मालक होते, आपल्याला ते कितीला पडले हे त्या बाईला उघडपणे सांगते, त्यावर दोघांच्या संमतीने ठरलेला नफा चढवते आणि यंत्र तिला हप्त्यांनी विकते. सगळा व्यवहार तोलला जातो तो मधल्या त्या थोड्या काळावर. संस्थेने यंत्र घेतल्यापासून ते ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत त्याची मोडतोड झाली, ते चोरीला गेले किंवा सदोष निघाले, तर भुर्दंड संस्थेला बसतो, आणि हा धोका पत्करल्यामुळेच तिचा नफा विक्रीतला नफा ठरतो, पैशावर घेतलेला पैसा, म्हणजे इस्लाममध्ये निषिद्ध असलेला रिबा, ठरत नाही. इस्लामी वित्तसंस्थांसाठी लेखा आणि शरियाविषयक मानके ठरवणारी, 1991 पासून बहारीनमध्ये नोंदणीकृत असलेली ‘आओफी’ ही संस्थाही मुराबहाच्या मानकात हेच सांगते की वस्तू आधी विक्रेत्याच्या मालकीची आणि ताब्यात आली पाहिजे, तिची विक्री त्यानंतरच.

कागदावर ही रचना मला निर्दोष वाटते. अडचण सुरू होते ती प्रत्यक्ष वाटपाच्या दिवशी. एकेका वसुली अधिकाऱ्याकडे शेकडो ग्राहक असतात; कोणाला शेळी हवी असते, कोणाला चामडे, कोणाला भाजीची हातगाडी, आणि प्रत्येक खरेदीसाठी बाजारात जाऊन घासाघीस करायला त्याच्याकडे वेळ नसतो. मग सोपी वाट काढली जाते: ग्राहकालाच संस्थेचा मुखत्यार नेमायचे, रक्कम त्याच्या हातात द्यायची आणि ‘आमच्या वतीने तूच वस्तू घे, मग आम्ही ती तुलाच विकली असे समजू’ म्हणायचे. आओफीचे मानक ग्राहकाला मुखत्यार नेमण्याची मोकळीक फक्त निकडीच्या प्रसंगी देते. परंतु जेथे निकड हाच नेम होतो, तेथे वस्तू कोणी पाहत नाही, पावती मागाहून जोडली जाते, आणि उरते ते ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या वाढाव्यासह परत करायचे रोख कर्ज. मोठ्या बँकांच्या बाबतीत याच्याही पुढची मजल गेलेली दिसते. एखादी वस्तू उधारीवर घ्यायची, लगेच तिसऱ्याला रोखीने विकायची आणि रोकड हाती करायची या व्यवहाराला तवर्रुक म्हणतात, आणि बँकेनेच दोन्ही टोके जुळवून दिलेला ‘संघटित’ तवर्रुक अमान्य असल्याचा ठराव आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह (धर्मकायदा) अकादमीने 2009 मध्ये शारजाच्या अधिवेशनात केला. तरीही तो अनेक ठिकाणी चालू राहिला.

येथे थोडे विषयांतर करतो. कर्ज, जामीन, वसूल, मुदत, नफा हे आपले रोजचे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि हप्ता तर थेट फारसी. ‘व्याज’ मात्र संस्कृत, आणि संस्कृतात त्याचा एक अर्थ निमित्त, बहाणा असा आहे, जो व्याजस्तुती या अलंकाराच्या नावात अजून टिकून आहे. वस्तूविना मुराबहा करणारी संस्था व्याज टाळते की व्याजाचेच व्याज करते, हा प्रश्न त्यामुळे मराठी वाचकाला इतरांपेक्षा अधिक चटकन कळावा.

किमतीबाबत ग्राहकाने विशेष सावध राहावे. यंत्राची मूळ किंमत 100 धरली आणि संस्थेने ते 120 ला, वर्षभरात दरमहा 10 च्या बारा हप्त्यांनी विकले, तर ‘20 टक्के नफा’ हे वर्णन खोटे नाही, पण अपुरे आहे. पहिल्या हप्त्यापासूनच मुद्दल उतरू लागते, त्यामुळे ग्राहकाकडे सरासरीने 100 नव्हे, तर त्याच्या निम्म्याहून थोडीच अधिक रक्कम वापरायला असते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर महिना सुमारे 2.9 टक्के, म्हणजे वर्षाला जवळपास 35 टक्के पडतो. व्याजी सूक्ष्मकर्जाच्या दराशी तुलना करायची असेल तर ती याच आकड्याची केली पाहिजे. मुराबहात मूळ किंमत आणि नफा वेगवेगळे सांगण्याचे बंधन असल्यामुळे हा हिशेब ग्राहकाला मांडता तरी येतो, हे तिचे बलस्थान मानतो. परंतु संस्थेने तो स्वतःहून मांडून दाखवावा अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होण्याचाच संभव अधिक. लहान रकमेच्या वाटपाला खर्च अधिक येतो, त्यात खरेदीची, साठवणीची आणि दुहेरी कराराची भर पडते, त्यामुळे मुराबहा स्वस्त असण्याचे काही कारणही नाही.

थकबाकीच्या बाबतीत मात्र ही सेवा व्याजी कर्जापेक्षा निःसंशय सरस आहे. एकदा ठरलेली विक्रीकिंमत वाढत नाही. आजारपणाने किंवा पिकाने दगा दिल्याने चार हप्ते चुकले, तरी देणे जेवढे होते तेवढेच राहते. जाणूनबुजून टाळाटाळ करणाऱ्याकडून दंड घेण्याची तरतूद काही करारांत असते, पण तो दंड संस्थेच्या उत्पन्नात न धरता धर्मादाय कामाला द्यावा लागतो, त्यामुळे ग्राहकाच्या अडचणीतून कमाई करण्याचा मोह संस्थेला उरत नाही. ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी आणि शक्य असल्यास देणे सोडूनच द्यावे, असे कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात, 280 व्या आयतीत सांगितले आहे. उलट बाजूने, मुदतीआधी फेड करणाऱ्याला सवलत मिळेलच असे नाही, कारण तशी सवलत आधीच करारात बांधून घेण्याला अनेक विद्वानांचा विरोध आहे आणि ती विक्रेत्याच्या मर्जीवर सोडली जाते. मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेने ही सूट बंधनकारक करून ग्राहकाच्या बाजूने निर्णय दिला. इतरत्र ग्राहकाने आधी विचारून घेतलेले बरे.

मुराबहाच्या शेजारी दुसरे उत्पादन ठेवले पाहिजे ते कर्जे हसना, म्हणजे नफ्याविना दिलेले शुद्ध कर्ज. याचे सर्वांत ठळक उदाहरण 2001 मध्ये लाहोर येथे सुरू झालेल्या ‘अखुवत’ या संस्थेचे. एका विधवा स्त्रीला दिलेल्या 10,000 पाकिस्तानी रुपयांच्या बिनव्याजी कर्जापासून तिची सुरुवात झाली, आणि तिचे संस्थापक डॉ. मुहम्मद अमजद साकिब यांना 2021 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कर्जवाटप मशिदीत, तसेच चर्च आणि मंदिरांतही करून या संस्थेने कार्यालयाचा खर्च वाचवला आणि परतफेडीला साक्षी मिळवले, ही युक्ती मला फार हुशारीची वाटते. कर्जदारासाठी कर्जे हसना निर्विवाद स्वस्त आहे. परंतु संस्थेचे भांडवल देणग्यांतून आणि शासकीय निधीतून येते, म्हणून कर्जाची रक्कम लहान राहते आणि सेवेचा विस्तार दात्यांच्या औदार्याशी बांधलेला राहतो. बांगलादेशात इस्लामी बँकेने 1995 मध्ये सुरू केलेली ग्रामीण विकास योजना दुसऱ्या वाटेने गेली: पाच-पाच सभासदांचे गट, साप्ताहिक हप्ते, बहुसंख्य महिला आणि उधारीच्या विक्रीतून मिळणारा नफा. ती ठेवींच्या पैशावर चालली, आणि म्हणूनच लाखो कुटुंबांपर्यंत पोहोचू शकली.

संशोधन काय सांगते, हा भाग मला सर्वांत उद्बोधक वाटला. नेहमीच्या सूक्ष्मकर्जाचे सहा देशांत, त्यात बोस्निया आणि मोरोक्कोही होते, केलेले यादृच्छिक प्रयोग, म्हणजे कर्ज कोणाला देऊ करायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून केलेली तुलना, 2015 मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले, आणि त्यांचा निष्कर्ष असा होता की परिणाम थोडाफार चांगला आहे, पण गरिबी हटवण्याइतका मोठा नाही. जॉर्डनमध्ये त्याच प्रकारच्या कर्जाला शरियासंमतीची मान्यता जोडून पाहिली तेव्हा अर्ज करणाऱ्यांचे प्रमाण 18 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर गेले. याचा अर्थ श्रद्धेमुळे बँकेपासून दूर राहणारे लोक आहेत, परंतु केवळ शिक्का मारल्याने दारात रांग लागत नाही. तिसरा प्रयोग पाकिस्तानातला. ज्यांनी आधीची लहान कर्जे नीट फेडली होती, अशा ग्राहकांच्या एका गटाला नेहमीच्याच मर्यादेचे बिनव्याजी कर्ज देऊ केले, तर दुसऱ्या गटाला त्या मर्यादेच्या चौपट किमतीची धंद्याची वस्तू भाडेखरेदीने घेऊन दिली. वस्तू मिळालेल्यांचे धंदे मोठे झाले, नफा वाढला, तो टिकला, आणि घरातला खर्च, विशेषतः अन्नावरचा आणि मुलांच्या शिक्षणावरचा, वाढला. तुलना येथे व्याजी कर्जाशी नव्हतीच. दोन्ही बाजूंना व्याज नव्हते. फरक पडला तो एका मोठ्या, वापरायोग्य वस्तूमुळे, जी थोडी थोडी करून घेता येत नाही आणि जी लहान कर्जाच्या आवाक्यात कधीच येत नाही. मुराबहाची जी अट संस्थांना सर्वांत कटकटीची वाटते, म्हणजे वस्तू प्रत्यक्ष खरेदी करणे, तीच अट पाळली तर तिच्यातून काही आर्थिक लाभ होण्याची आशा आहे, असे मी यावरून मानतो.

स्थानिक अर्थव्यवस्थेला या सेवेचा उपयोग किती, हे वस्तू कोणाकडून घेतली जाते यावर बरेच अवलंबून असते. संस्थेने त्याच बाजारपेठेतल्या सुताराकडून हातगाडी, लोहाराकडून अवजारे आणि पशुपालकाकडून गाय घेतली, तर एकाच रकमेने दोन घरांचा धंदा चालतो. पण कामाच्या सोयीसाठी दूरच्या एकाच घाऊक पुरवठादाराशी करार केला, तर कर्ज तेवढे गावात राहते आणि पैसा बाहेर जातो. शिवाय भांडवल आले कोठून, हाही प्रश्न आहे. इजिप्तच्या मीत गम्र गावात अहमद अल-नज्जार यांनी 1963 मध्ये जी बचत बँक सुरू केली, तिचा नमुना जर्मनीतील स्थानिक बचत बँकांचा होता. परिसरातील शेतकऱ्यांची बिनव्याजी बचत त्याच परिसरात गुंतवायची आणि लहान कर्जे बिनव्याजी द्यायची, असा तिचा बेत होता. चार-पाच वर्षांतच तो प्रयोग सरकारी निर्णयाने आटोपला. आजच्या मुराबहा सेवांत कर्जाची बाजू भक्कम आणि बचतीची बाजू दुबळी आढळते, आणि स्थानिक विकासाच्या दृष्टीने ही उणीव मला गंभीर वाटते.

नफा-तोट्यात भागीदारी करणारी मुशारका आणि मुदारबा ही उत्पादने ग्रंथांत सर्वांत आदर्श मानली जातात. रोजचा हिशेब न ठेवणाऱ्या फेरीवाल्याचा खरा नफा किती, हे तपासण्याचा खर्च त्या नफ्याहून अधिक होतो, म्हणून सूक्ष्मवित्तात ती विरळाच दिसतात. त्यांची वाट पाहत बसू नये.

मुराबहा घ्यावी ती टिकाऊ आणि कमाई देणाऱ्या वस्तूसाठी: यंत्र, जनावर, गाडी, हत्यारे, फार तर पक्क्या मालाचा साठा. मजुरी भागवायची असेल, दवाखान्याचे बिल द्यायचे असेल किंवा जुने देणे फेडायचे असेल, तर ही सेवा त्या कामाची नाही, कारण तेथे विकायला वस्तूच नसते. अशा गरजेला कर्जे हसना किंवा जकातीचा, म्हणजे मुसलमानांच्या धार्मिक दानाचा, निधी हाच योग्य मार्ग आहे, आणि दोन्हींची सोय एकाच छताखाली करणारी संस्था मी अधिक पसंत करेन. सही करण्याआधी अर्जदाराने दोन कागद शेजारी ठेवून त्यांवरील तारखा आणि वेळा पाहाव्यात: एक दुकानदाराने संस्थेच्या नावे दिलेली खरेदीची पावती, दुसरा संस्थेने अर्जदाराला केलेल्या विक्रीचा करार. पावती आधीची आणि संस्थेच्या नावाची असेल, तर व्यवहार विक्रीचा आहे. ती नंतरची असेल, अर्जदाराच्याच नावाची असेल किंवा ‘नंतर आणून द्या’ असे सांगितले जात असेल, तर समोर आलेले उत्पादन मुराबहा नाही, आणि अशा वेळी वर दाखवलेल्या पद्धतीने वार्षिक दर काढून ते इतर कोणत्याही कर्जाप्रमाणेच तपासावे.