सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरवायचा कसा: मतं, टक्केवारी की मोसमाचा हिशेब?

कॉलेजच्या हॉकी स्पर्धेत संघाचा चषक गोलफलक देतो. वैयक्तिक बक्षीस माणसांना ठरवावं लागतं, त्यामुळे भांडणं त्यावरूनच होतात. नियमावली लिहायला बसलेल्या समितीपुढे तीन वाटा असतात, आणि अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीने तिन्ही वर्षानुवर्षं वापरून पाहिल्या आहेत. आपल्याकडे बर्फ नसला, तरी भांडणं तीच आहेत.

स्पर्धेपुरतं मतदान

एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, तिच्या स्पर्धेच्या चार संघांच्या अंतिम टप्प्यात, म्हणजे फ्रोझन फोरमध्ये, 'मोस्ट आउटस्टँडिंग प्लेअर' निवडतात. 1948 पासूनची यादी काढून बघा. पहिले पाचही मानकरी अंतिम सामना हरलेल्या संघांचे आहेत. 1950 मध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटी 13–4 अशी चिरडली गेली, तरी मान मिळाला तो तिच्याच गोलरक्षकाला, राल्फ बेव्हिन्सला. 1953 मध्ये मिशिगनच्या जॉन मॅचेफ्ट्सच्या रूपाने पहिल्यांदा विजेत्या संघातला खेळाडू आला. आता तर हा मान जवळजवळ ठरल्यासारखा विजेत्यांकडेच जातो. नाव तेच राहिलं, मतदारांनी मनात धरलेला अर्थ मात्र उलटा झाला.

म्हणून मतदान घेणार असाल, तर 'हरलेल्या संघाचा खेळाडू पात्र आहे' किंवा 'नाही' हे एक वाक्य नियमात घाला. ते नसेल तर पाच मतदार पाच निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरं देतात आणि आपण त्यांची बेरीज करत बसतो.

गुण कसे द्यायचे हीही किरकोळ बाब नाही. समजा मतदार पाच, आणि प्रत्येकाने तीन नावं क्रमाने लिहायची आहेत. 'अ' या खेळाडूला तिघांनी पहिलं ठेवलं. उरलेल्या दोघांनी त्याचं नावच घातलं नाही. 'ब'ला एक पहिला, तीन दुसरे आणि एक तिसरा क्रमांक मिळाला. 3-2-1 गुण धरले, तर 'अ'चे 9 होतात, 'ब'चे 10. म्हणजे पाचातल्या तिघांची पहिली पसंती असूनही 'अ' हरला. 5-3-1 धरले, तर दोघांचे 15-15 होतात, आणि बरोबरीत जास्त पहिले क्रमांक असलेला जिंकेल असा नियम असेल तर बक्षीस 'अ'ला जातं. आपल्या पोराचा प्रतिस्पर्धी कागदावरून मुद्दाम गाळणं ही प्रशिक्षकांची जुनी खोड आहे. त्यामुळे प्रशिक्षकांना मत द्यायचंच असेल तर दोन अटी हव्यात: स्वतःच्या संघातल्या खेळाडूला मत नाही, आणि कागदावर सही.

नुसती टक्केवारी

बॉस्टनमधली बीनपॉट स्पर्धा नेमकी चार संघांची आहे: बॉस्टन कॉलेज, बॉस्टन युनिव्हर्सिटी, हार्वर्ड आणि नॉर्थईस्टर्न. फेब्रुवारीतल्या दोन सोमवारी ती होते. तिथे सर्वात मौल्यवान खेळाडू निवडतात, आणि गोलरक्षकासाठी, म्हणजे गोलीसाठी, वेगळा एबर्ली पुरस्कार आहे. तो अडवलेल्या फटक्यांच्या टक्केवारीवर जातो. त्यामुळे वशिल्याला जागा उरत नाही, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात खेळलेल्या गोलीलाही आशा राहते.

अडचण आकड्यांच्या आकारात आहे. एका गोलीवर दोन सामन्यांत 40 फटके आले आणि 3 गोल झाले, तर टक्केवारी 92.5. दुसऱ्यावर 70 आले, 5 गोल झाले, तर 92.86. पहिल्याचा एक गोल कमी झाला असता, तर तो एकदम 95 वर गेला असता. एका गोलाने अडीच टक्के हलतात, आणि बक्षिसाचा निकाल मात्र 0.36 टक्क्यांवर लागतो. शिवाय फटका मोजायचा की नाही हे गुणलेखकाच्या नजरेवर असतं. पक (आइस हॉकीतली चेंडूऐवजीची चकती) खांबावर आदळून परतला तर तो गोलावरचा फटका धरत नाहीत. गोली बाहेर काढल्यावर रिकाम्या जाळीत गेलेला गोल त्याच्या खात्यावर पडत नाही. हे आधी लिहून ठेवलं नाही, तर निवडीतला वशिला गेला तरी मोजणीतला राहतो.

आपल्याकडच्या मैदानी हॉकीत आणखी एक गोम आहे. स्कोअरशीटवर गोल आणि कार्डं असतात, गोलीने अडवलेले फटके नसतात. टक्केवारी हवी असेल तर प्रत्येक गोलपोस्टमागे एक विद्यार्थी चौकटी आखलेला कागद घेऊन बसवा: गोल, अडवला, खांब, बाहेर. पेनल्टी कॉर्नरवरचे फटके वेगळ्या रकान्यात हवेत, कारण मोकळ्या खेळातला फटका आणि कॉर्नरवरचा ड्रॅगफ्लिक, म्हणजे स्टिकने ओढून फेकलेला जोरदार फटका, एकाच तराजूत घालणं गोलीवर अन्याय आहे. दोन्ही सामने पूर्ण खेळलेला आणि किमान 20 फटके झेललेला गोलीच पात्र, अशी अट घाला. मैदानी हॉकीत फटके कमी येतात, म्हणून हा आकडा पहिल्या दिवसानंतर नव्हे, स्पर्धेआधीच ठरलेला असू द्या.

मोसमाचा हिशेब

1981 पासून दिला जाणारा होबी बेकर पुरस्कार अख्ख्या मोसमाचा आहे, आणि तो अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी जाहीर होतो. 1993 मध्ये तो मेन युनिव्हर्सिटीच्या पॉल करियाला मिळाला. त्या मोसमात त्याच्या नावावर 100 गुण (स्वतःचे गोल आणि गोलाला दिलेले पास मिळून) होते. अंतिम सामन्यात मेन 4–2 ने मागे असताना जिम माँटगोमेरीने शेवटच्या सत्रात तीन गोल केले आणि संघाने 5–4 असं जिंकलं. तिन्ही गोलांना पास करियाचाच. स्पर्धेचा मान माँटगोमेरीला गेला. दोन्ही निवडी बरोबर वाटतात, कारण दोन्ही ठिकाणी मोजलेलं वेगळं होतं.

आंतरमहाविद्यालयीन छोट्या स्पर्धेला ही वाट परवडत नाही. मोसमाच्या नोंदी सगळ्या कॉलेजांकडे सारख्या नसतात. पण 'नाव मोठं आहे' म्हणून मोसमाची पुण्याई स्पर्धेच्या मतदानात शिरते, ती रोखायला कागदावर छापा: फक्त या स्पर्धेतले सामने.

चार ते आठ संघ असतील, तर माझा कौल असा: खेळाडूसाठी पाच किंवा सात जणांचं मतदान, गोलीसाठी टक्केवारी, आणि गोली दोन्ही बक्षिसांना पात्र. शेवटच्या मुद्द्यावर समित्या अडतात; गोलीला त्याचं बक्षीस आहेच की, म्हणतात. बीनपॉटमध्ये 2018 साली अंतिम सामन्यात हॅटट्रिक करणारा अ‍ॅडम गॉडेट मौल्यवान ठरला आणि एबर्ली केडन प्रिमोला मिळाला. 2019 मध्ये दोन्ही प्रिमोलाच मिळाले. दोघेही नॉर्थईस्टर्नचे.

राहिली मतपत्रिका गोळा करण्याची वेळ. बक्षीस समारंभाची घाई असते, नाव छापायचं असतं, म्हणून शेवटची दहा मिनिटं उरली की कागद मागायला सुरुवात होते. 2023 च्या फ्रोझन फोरच्या अंतिम सामन्यात शेवटची तीन मिनिटं उरेपर्यंत मिनेसोटा 2–1 ने पुढे होती. मग क्विनिपियाकने बरोबरी साधली आणि जादा वेळ सुरू होऊन 10 सेकंद होताहेत तोच जेकब क्विलनने गोल मारला. सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला. तेव्हा शेवटची शिट्टी झाल्यावर पाच मिनिटं द्या, मग कागद घ्या, आणि चषकावर नाव दुसऱ्या दिवशी कोरा.