न्यूजलेटरच्या डायजेस्टची वेबपानं करायची: तयार टूल घ्यावं की स्वतः स्क्रिप्ट लिहावी?

मेलमध्ये वर्षानुवर्षं साठलेले डायजेस्ट, म्हणजे अनेक पत्रं किंवा मजकूर एकत्र बांधून आलेले मेल, ब्राउझरमध्ये निवांत चाळता यावेत म्हणून त्यांची पानं करायची असं एकदा ठरलं की खरे रस्ते दोनच उरतात. एक, हायपरमेल किंवा एमएचऑनआर्कसारखं तयार टूल घ्यायचं, त्याला एमबॉक्स फाइल (सगळे मेल एकापाठोपाठ साठवलेली एकच फाइल) द्यायची आणि जी पानं निघतील ती लावून टाकायची. दुसरा, पायथनमध्ये छोटीशी स्क्रिप्ट लिहून डायजेस्टमधला एकेक मजकूर सुटा करायचा आणि ह्यूगोसारख्या स्टॅटिक जनरेटरकडून (साध्या फाइलींपासून तयार वेबपानं करणारं टूल) साइट बनवून घ्यायची. मी दोन्ही वापरलंय. मेलचं फीड (रीडर ॲपमध्ये वाचायची अंकांची यादी) करून देणाऱ्या सेवा पण लोक सुचवतात, पण फीडमध्ये साधारण ताजे अंक राहतात आणि जुने गळत जातात, म्हणून संग्रहासाठी मी तो पर्याय धरत नाही.

तयार टूलला नावं ठेवायला माझं मन होत नाही. ही टूल्स १९९०च्या दशकातली, एक सी मध्ये लिहिलेलं, एक पर्लमध्ये, आणि अजूनही आपलं काम चोख करतात. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या मेलिंग लिस्टचा प्रचंड संग्रह हायपरमेलवरच चालत आलाय. तारखेप्रमाणे, विषयाप्रमाणे, लेखकाप्रमाणे, थ्रेडप्रमाणे (पत्र आणि त्याची उत्तरं एकाखाली एक), सगळ्या याद्या एका कमांडमध्ये तयार मिळतात, ज्या स्वतः लिहायला बसलात तर थ्रेडची यादीच तुमचा बराच वेळ खाईल.

फक्त एवढंच की साधा टेक्स्ट डायजेस्ट दिला तर टूलच्या लेखी तो एकच मेल असतो, आत वीस पत्रं का असेनात. तो आधी तोडून द्यावा लागतो. हे अवघड नाही, कारण आरएफसी ११५३ (१९९०) या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात ते ठरलेलंच आहे, वरच्या अनुक्रमणिकेनंतर ७० डॅशची एक ओळ आणि मग प्रत्येक पत्रामागे ३० डॅशची ओळ. प्रॉकमेल या मेल गाळणाऱ्या प्रोग्रामसोबत येणारं फॉरमेल हे काम करतं. माइम डायजेस्ट (प्रत्येक पत्र वेगळा भाग म्हणून जोडलेला प्रकार) असेल तर आतलं प्रत्येक पत्र आधीच सुटं असतं, तिथे तर प्रश्नच नाही.

मग मी त्यावर का नाही राहिलो, तर पानांच्या नावांमुळे. बाकी सगळं मी चालवून घेतलं असतं, जुनाट दिसणं वगैरे तर सीएसएसने सावरता येतं. पण या टूलमध्ये बाय डिफॉल्ट पानाला ओळीने नंबर मिळतो, जे पत्र जसं आत आलं तसा त्याचा नंबर. संग्रह एकदाच करून बंद करणार असाल तर काहीच बिघडत नाही. पण जुने डायजेस्ट कधीच एका दमात सापडत नाहीत हो. मधले काही अंक नंतर कुणीतरी पाठवतं, ते तारखेप्रमाणे बसवून संग्रह परत बांधला की तिथून पुढचे सगळे नंबर सरकतात. आणि लोकांनी तोवर लिंका जपून ठेवलेल्या असतात, एकमेकांना पाठवलेल्या असतात. पान सापडलं नाही असा एरर आला असता तरी परवडलं असतं, निदान लिंक मेलीय हे कळतं. इथे पान उघडतं, व्यवस्थित उघडतं, फक्त पत्र भलत्याचंच असतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की पाठवणाऱ्यानेच चुकीची लिंक दिली. एका संग्रहात माझ्यासमोर हे घडलं आणि त्या दिवशी माझा कौल ठरला. फाइलची नावं वेगळी ठेवायच्या सोयी काही टूलमध्ये असतात, तुम्हाला त्या जमल्या तर माझा हा मुद्दा तुम्हाला तितकासा लागू नाही, हे मान्य.

स्क्रिप्टमध्ये हे दुखणं मुळातच राहत नाही. प्रत्येक पत्राचा मेसेज-आयडी, म्हणजे फक्त त्याचाच असा ओळख-कोड, असतो, डायजेस्टमध्ये आतल्या पत्राच्या छोट्या हेडरमध्येही तो बहुतेक वेळा टिकलेला असतो, त्याचा हॅश (त्यापासून गणिताने निघणारा ठरावीक छोटा कोड) काढायचा आणि तेच पानाचं नाव. पत्र आज आत घाला नाहीतर दोन वर्षांनी, नाव तेच येणार. एकाच संपादकाचं न्यूजलेटर असेल आणि आतल्या मजकुराला स्वतःचा आयडी नसेल तर अंकाची तारीख आणि मथळा जोडून नाव करायचं, तेही टिकतं.

कष्ट आहेत, ते लपवत नाही. सगळ्यात जास्त वेळ एन्कोडिंग (अक्षरं कोडमध्ये लिहायची पद्धत) खातं. मराठी मेल बऱ्याचदा कोटेड-प्रिंटेबल नावाच्या एन्कोडिंगमध्ये येतो, त्यात नुसता 'म' नऊ चिन्हांचा होतो (तीन बाइट, प्रत्येकाला '=' हे चिन्ह आणि दोन अक्षरी कोड), शिवाय ओळ ७६ चिन्हांच्या आत मोडलेली, म्हणजे शब्द मधूनच तुटून खालच्या ओळीवर. कच्च्या फाइलमध्ये मराठी शब्द शोधलात तर एकही हाती लागणार नाही. म्हणून आधी डीकोड, मग तोडणं, मग शोधणं, हा क्रम पाळा. पायथनच्या ईमेल मॉड्यूलमध्ये डिफॉल्ट पॉलिसी दिली की यातलं बरंचसं ते स्वतःच निस्तरतं. आणि मजकूर स्क्रीनवरून कॉपी करू नका, जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मेल कापून दाखवतं, टेकआउट या गूगलच्या डेटा उतरवून घ्यायच्या सोयीतून एमबॉक्स काढा, त्यात तो पूर्ण असतो.

रस्ता कुठलाही घ्या, पानं सार्वजनिक करायच्या आधी दोन गोष्टी काढाच. एक म्हणजे प्रत्येक अंकाच्या तळाची अनसबस्क्राइब लिंक, ती तुमच्या नावाची असते, आणि नुसती लिंक उघडल्यावर नाव कमी होत असेल तर कुठलाही सर्च बॉट तुम्हाला यादीतून बाहेर काढू शकतो. हे स्वयंचलित क्लिक होतात म्हणूनच २०१७च्या आरएफसी ८०५८ मध्ये एका क्लिकचं अनसबस्क्राइब पोस्ट रिक्वेस्टने (नुसती लिंक उघडून जी जात नाही) करायचं ठरलं, पण तळाची साधी लिंक त्यात येत नाही. दुसरं, क्लिक मोजणाऱ्या रीडायरेक्ट लिंका, त्या आत्ता चालतायत तोवर उघडून मूळ पत्ता लिहून ठेवा, पाठवणाऱ्याने सेवा बदलली की त्या बंद पडू शकतात. स्क्रिप्ट असेल तर ही दोन्ही कामं त्याच फेरीत उरकतात, तयार टूलला मात्र आधी किंवा नंतर वेगळी सफाई लावावी लागते, आणि एवढी सफाई लिहिणारच असाल तर निम्मी स्क्रिप्ट तिथेच झाली की.

तर बंद पडलेली लिस्ट असेल, सगळे अंक हातात असतील आणि चर्चा थ्रेडमध्येच वाचायची असेल, तर हायपरमेल लावा आणि मोकळे व्हा, मी अडवणार नाही. न्यूजलेटर चालू असेल, किंवा जुने अंक अजून कुठूनकुठून येत असतील, तर मला तरी स्क्रिप्टच बरी वाटते. सुरुवात एका अंकापासून करा, पानांची नावं कशी द्यायची एवढं आधी पक्कं करा, डिझाइन आणि सर्च नंतर कधीही जोडता येतं, पेजफाइंड हे सर्चचं टूल तर तयार साइटवरच चालवायचं असतं.