भाषेचा तास: वर्गात की मोबाइलवर?

नववी-दहावीच्या मुलांना विचारा, ती ऑनलाइनची बाजू हिरिरीने मांडतील. ऐरोलीहून वाशीला जर्मनच्या क्लासला जायचं म्हणजे बसची वाट बघा, ट्रॅफिकमध्ये अडका. त्यापेक्षा घर बरं. उच्चार चुकला तरी मागच्या बाकावरून कोणी खिदळत नाही. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकता येतं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवर धड्याचं जादा साहित्यही मिळतं.

शिक्षकांचा सूर बहुतेकदा उलटा, आणि मराठी-संस्कृतपुरता तरी मला तो पटतो. समोर वही असली की ‘आणि’ची वेलांटी दीर्घ काढणारा हात तिथल्या तिथे थांबवता येतो. ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद, माइक म्यूट, निबंध गूगलवरून उतरवलेला. २०२० च्या टाळेबंदीत हे घरोघरी दिसलं. एका फोनवर दोन भावंडांचे तास, ती कसरत वेगळीच.

दहावीला पहिल्या भाषेचे ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत. तो पेपर हातानेच लिहायचाय. म्हणून शब्दसंग्रह, श्रवण, व्याकरणाची उजळणी खुशाल फोनवर करा. निबंध आणि पत्र मात्र वर्गात, बाईंच्या लाल पेनाखाली.