स्प्लेंडरची सर्व्हिसिंग: शोरूमला द्यावी की घरी करावी?

स्प्लेंडर प्लसच्या बाबतीत आमचं मत स्पष्ट आहे. वॉरंटीतली एकही फ्री सर्व्हिसिंग चुकवू नका. त्या संपल्या की ऑइल, चेन, ब्रेक आणि प्लग ही चार कामं घरी घ्या. ज्या कामाला शोरूमचीच हत्यारं लागतात, त्याच कामाचे पैसे शोरूमला द्या.

फ्री सर्व्हिसिंगमध्ये मजुरी फुकट असते, ऑइल आणि पार्टचे पैसे लागतातच. पहिली 500 ते 750 किमीच्या आत करायची असते. तिची नोंद नसेल तर पुढे वॉरंटीचं काम अडतं, म्हणून इथे काटकसर नको.

ऑइल बदलणं हे घरी करण्याजोगं पहिलं काम. लागतं काय, तर 17 चा रिंग पाना, पसरट भांडं, फनेल, ड्रेन बोल्टचं नवं वायसर आणि 10डब्ल्यू-30 ऑइलची 900 मिलीची बाटली. बाटलीवर ‘जासो एमए’ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी योग्य असल्याची खूण) लिहिलेलं पाहूनच घ्या. या इंजिनात क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे तो घसरू लागतो: रेस वाढते, पण गाडी ओढत नाही.

इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करा, गाडी मेन स्टँडवर घ्या आणि बोल्ट काढा. इग्निशन बंद ठेवून चार-पाच किका मारल्या की आत अडकलेलं ऑइलही येतं. बोल्ट लावताना सुरुवात बोटांनीच करा. क्रँककेस ॲल्युमिनियमचा आहे. लांब पान्यावर जोर काढला की आटे जातात, आणि मग नवे आटे पाडून घेण्याचा खर्च कित्येक सर्व्हिसिंगची बचत खाऊन टाकतो. आखूड पाना, एका हाताचा दाब, एवढं पुरतं.

बाटली एकदम रिकामी करू नका, कारण थोडं जुनं ऑइल आत राहिलेलं असतं. 700 मिली ओता, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून तेवढाच वेळ थांबा आणि मग पातळी बघा. डिपस्टिक आट्यांवर नुसती टेकवायची, पिळायची नाही. पिळून बघितली तर पातळी जास्त दिसते आणि ऑइल कमी भरलं जातं. ही चूक फार ठिकाणी होते. कंपनीच्या पुस्तिकेत ऑइल 6000 किमीला बदलायचं आणि मध्ये 3000 किमीला पातळी भरून घ्यायची असं आहे. ‘दर 2000 ला बदला’ हा सल्ला पुस्तिकेतला नाही. काढलेलं ऑइल गटारात न ओतता गॅरेजच्या पिंपात द्या.

चेन बंद कव्हरात असल्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होतं. कव्हरवरचं रबरी बूच काढा, चाक फिरवत चेन सगळ्यात ताठ लागते ती जागा शोधा आणि तिथेच ढील मोजा. 25 मिमीच्या आसपास हवी. ढिल्या जागेवर मोजून चेन ओढली तर ताठ जागी ती बेअरिंगवर ताण देते. एक्सलचा नट आणि चेनच्या बाजूचा स्लीव्ह नट ढिला करून दोन्ही ॲडजस्टर सारख्याच खुणेवर आणा. चाक मागे सरकलं की ब्रेकचा रॉडही ताणला जातो. म्हणून चेन ओढल्यावर पॅडलचा मोकळेपणा (20 ते 30 मिमी) तपासलाच पाहिजे, नाहीतर ब्रेकचे लायनर घासत राहतात, ड्रम तापतो आणि ॲव्हरेज पडतं. गर्दीच्या वर्कशॉपमध्ये नेमकं हेच राहून जातं. आयबीएसच्या (जोड-ब्रेकच्या) गाडीत मागच्या पॅडलने पुढचा ब्रेकही लागतो, त्यामुळे पुढच्या केबलचा नट अंदाजाने फिरवू नका.

प्लगला 16 चा प्लग पाना लागतो. इंजिन थंड हवं, आणि सुरुवात हातानेच. एअर फिल्टर तेलकट कागदाचा असेल तर हवा मारून साफ करू नका. तेलाने धरलेली धूळ अशी निघत नाही, कागद मात्र फाटतो. तो बदलायचाच असतो.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची जुळणी, मात्र घासाघीस न करता कुशल हाताकडे द्या. त्याचं अंतर थंड इंजिनावरच बघायचं असतं. सकाळी गाडी चालवत नेली आणि अर्ध्या तासात ‘टॅपेट केले’ म्हणून परत मिळाली, तर त्या कामाला अर्थ नाही. आदल्या संध्याकाळी गाडी ठेवून या. टॅपेट जास्त घट्ट राहिले तर आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह जळतात. थोडा टकटकाट त्यापेक्षा बरा.

एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत कार्बोरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन आहे. मीटरवर इंजिनचा दिवा पेटून राहिला तर स्कॅनर असलेलं वर्कशॉपच गाठा. कोन सेट (हँडलचे बेअरिंग), फोर्कचं ऑइल सील, क्लच प्लेट हेही तिथेच.

पुण्यात नाना पेठेत सुटे भाग सहज मिळतात, पण पाकिटावरचा होलोग्राम आणि एमआरपी बघून घ्या. शोरूमच्या बिलात इंजिन फ्लश, टेफ्लॉन कोटिंग, पॉलिश असं काही दिसलं तर खुशाल नाही म्हणा. पुस्तिकेच्या तक्त्यात यातलं काहीच नाही. जॉब कार्डवर ‘फोनवर विचारल्याशिवाय पार्ट बदलू नये’ असं लिहून घ्या, आणि गाडी घेताना बदललेले जुने पार्ट मागून घ्या.